एकटा पालक, लहान मूल आणि लंडन

परदेशी शहराची ओळख करून देणारी बहुतेक पुस्तके असा प्रवासी गृहीत धरतात, की ज्याचे दोन्ही हात मोकळे आहेत, ज्याला जिन्यांची अडचण नाही आणि जो तिकिटाच्या रांगेत अर्धा तास स्वस्थ उभा राहू शकतो. दोन-चार वर्षांच्या मुलाला घेऊन एकटीने निघालेल्या आईला किंवा एकट्या वडिलांना यांपैकी काहीच लागू पडत नाही. सोबत दुसरे मोठे माणूस असेल, तर एकाने मुलाकडे पाहावे आणि दुसऱ्याने रांगेत उभे राहावे अशी वाटणी आपोआप होते. एकट्या पालकाला मात्र मूल, बाबागाडी, पिशवी आणि पासपोर्ट हे सारे एकाच वेळी सांभाळावे लागते आणि स्वच्छतागृहात जायचे झाले तरी ते सगळे बरोबर न्यावे लागते. त्यामुळे एखादे शहर किती प्रेक्षणीय आहे यापेक्षा तिथली सार्वजनिक व्यवस्था लहान मुलाला कितपत सामावून घेते, हा प्रश्न अशा प्रवासात आधी विचारावा लागतो. लंडनच्या बाबतीत त्याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही, कारण या शहराच्या काही सोयी फार चांगल्या आहेत आणि काही अडचणी थेट एकोणिसाव्या शतकातून चालत आलेल्या आहेत.

पहिली अडचण झोपेची असते. लंडनचे घड्याळ भारताच्या मागे चालते, हिवाळ्यात साडेपाच तास आणि उन्हाळ्यात साडेचार तास. झोपेचे आणि जागेपणाचे चक्र, म्हणजेच शरीराचे जैविक घड्याळ, मुख्यतः डोळ्यांवर पडणाऱ्या प्रकाशावरून नव्या वेळेशी जुळवून घेते आणि त्याला काही दिवस लागतात. तोवर पुण्यात सकाळी सातला उठणारे मूल लंडनमध्ये रात्री दीड-अडीचच्या सुमारासच टक्क जागे होते आणि दुपार कलताच पेंगू लागते. या वेळापत्रकाशी भांडण्यापेक्षा दिवसच लवकर सुरू करणे शहाणपणाचे ठरते. संग्रहालये साधारण दहाला उघडतात, पण हाइड पार्क पहाटे पाचला आणि त्याला लागूनचे केन्सिंग्टन गार्डन्स सहाला उघडते. जूनमध्ये सूर्य पावणेपाचलाच उगवत असल्याने सर्पेंटाइन तलावाकाठची बदके, हंस आणि खारी पाहण्यात मुलाचे दोन-तीन तास सहज जातात, शिवाय तो सकाळचा उजेड जैविक घड्याळालाही वळण लावतो. डिसेंबरात हा उपाय चालत नाही, कारण तेव्हा उजाडायला आठ वाजतात आणि दुपारी चारच्या आत सूर्य मावळतो. म्हणून ज्यांना महिना निवडता येतो, त्यांनी मुलासाठी तरी मे ते सप्टेंबर हाच काळ निवडावा.

लंडनने एकट्या पालकासाठी केलेली सर्वांत मोठी गोष्ट मात्र उद्यानांत नाही, ती संग्रहालयांच्या दारात आहे. राष्ट्रीय संग्रहालयांपैकी अनेकांनी १९८०च्या दशकात प्रवेशमूल्य आकारायला सुरुवात केली होती. ते १९९९ मध्ये मुलांसाठी, २००० मध्ये साठीच्या पुढील नागरिकांसाठी आणि डिसेंबर २००१ मध्ये सर्वांसाठी रद्द झाले. या निर्णयाची चर्चा बहुधा गरीब-श्रीमंत या अंगाने होते, आणि ती योग्यच आहे. पण लहान मुलाच्या पालकाला त्याचा जो लाभ होतो तो पैशाच्या पलीकडचा आहे. तिकीट काढून आत गेलेला माणूस ‘पैसे वसूल’ होईपर्यंत मुलाला ओढत नेतो, मूल रडते, आणि शेवटी दोघांनाही संग्रहालय नकोसे होते. प्रवेश विनामूल्य असेल तर वीस मिनिटे एकच वस्तू पाहून बाहेर पडता येते, बाकावर बसून डबा खाता येतो, मुलाची झोप झाल्यावर पुन्हा आत जाता येते किंवा दुसऱ्या दिवशी येता येते. तीन वर्षांच्या मुलाचे लक्ष ज्या गतीने भटकते, त्या गतीने पाहण्याची मुभा फक्त असे खुले दारच देऊ शकते.

साउथ केन्सिंग्टन भागातील नॅचरल हिस्टरी म्युझियम हे याचे उत्तम उदाहरण आहे. आल्फ्रेड वॉटरहाउस या वास्तुशिल्पज्ञाची ही इमारत १८८१ मध्ये खुली झाली. तिच्या मध्यवर्ती दालनात २०१७ पासून निळ्या देवमाशाचा २५.२ मीटर लांबीचा सांगाडा झेप घेतल्यासारखा टांगलेला आहे. १८९१ मध्ये आयर्लंडच्या किनाऱ्याला लागलेला हा देवमासा बाबागाडीत मागे रेलून बसलेल्या मुलाला मान वर न करताही दिसतो. त्याच दालनातील कमानींवर भाजक्या मातीची माकडे चढताना घडवली आहेत. सांगाड्याकडे पाहण्याच्या नादात ती मोठ्या माणसांच्या नजरेतून सहसा सुटतात, पण ‘माकड शोध’ एवढे सांगितले की मूल ती एकामागून एक दाखवत सुटते. डायनोसॉरच्या दालनात शिरताना मात्र विचार करावा. तिथला हलणारा, गुरगुरणारा टिरॅनोसॉरस पाहून काही मुले हरखतात आणि काही किंचाळतात. घाबरलेल्या मुलाला कडेवर घेऊन गर्दीतून बाबागाडी ढकलत बाहेर पडणे हे एका माणसाचे काम नव्हे.

जवळच्याच व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये मराठी पालकांना सर्वप्रथम वाघनखे आठवतात. परंपरेने छत्रपती शिवाजी महाराजांशी जोडली जाणारी ही वाघनखे जुलै २०२४ मध्ये तीन वर्षांच्या मुदतीने महाराष्ट्रात आणण्यात आली, तेव्हा मुलाला काय दाखवायचे हे ठरवण्यापूर्वी ती कुठे आहेत याची खात्री केलेली बरी. मुलाला खरा खिळवून ठेवतो तो तिथला टिपू सुलतानचा लाकडी वाघ, जो १७९९ मध्ये श्रीरंगपट्टणच्या पाडावानंतर इंग्रजांच्या हाती पडला. एका गोऱ्या सैनिकाच्या अंगावर बसलेल्या या वाघाच्या पोटात वाद्ययंत्र बसवलेले आहे.

एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाणे हा प्रश्न अधिक किचकट आहे. लंडनची भुयारी रेल्वे १८६३ मध्ये सुरू झाली, जगातली पहिली; पण बाबागाडी आणि चाकाची खुर्ची यांचा विचार न करता बांधलेल्या या जाळ्यातील जेमतेम एक तृतीयांश स्थानकांवरच रस्त्यापासून फलाटापर्यंत एकही पायरी न चढता जाता येते. नकाशावर अशा स्थानकांपुढे चाकाच्या खुर्चीचे चिन्ह असते, आणि एकट्या पालकाने मार्ग ठरवताना अंतराआधी हे चिन्ह पाहावे. मे २०२२ मध्ये सुरू झालेल्या एलिझाबेथ मार्गावरची सर्व स्थानके पायऱ्यांविना गाठता येतात. १९८७ पासून धावणारी डॉकलंड्स लाइट रेल्वेही तशीच आहे, आणि तिच्या डब्यात पुढे चालकाची खोली नसल्याने पहिल्या आसनावर बसलेल्या मुलाला समोरचे रूळ, पूल आणि बोगदे सरळ दिसतात. ग्रिनिचला जायचे निमित्त काढून हा प्रवास जरूर करावा. अकरा वर्षांखालील मुलांना भाडे भरणाऱ्या मोठ्या माणसासोबत रेल्वेचा प्रवास विनामूल्य आहे, बसमध्ये तर त्यांना भाडेच नाही.

बसला पायऱ्या नसतात, म्हणून ती बाबागाडीला सोयीची. पण बाबागाडी उभी करण्याची जागा मुळात चाकाच्या खुर्चीसाठी राखलेली असते. अपंग प्रवासी आल्यास ती रिकामी करण्याची अपेक्षा असते, आणि चालकाने यासाठी नुसती विनंती करून थांबणे पुरेसे नाही असा निर्णय ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये दिला. तो न्याय्य आहे. एका हाताने पटकन मिटणारी हलकी बाबागाडी नेली, तर पालकाची त्यात ओढाताण होत नाही. मुलाला वरच्या मजल्यावरची पुढची खिडकी हवी असतेच. त्यासाठी गाडी मिटून खालच्या सामानाच्या जागेत ठेवावी, आणि एक थांबा आधीच, बस थांबलेली असताना, मुलाला घेऊन खाली यावे.

भारतीय पालकाला एक फरक तीव्रतेने जाणवतो. आपल्याकडे गाडीत शेजारच्या मावशींना ‘जरा बघा हो बाळाकडे’ म्हणून दोन मिनिटे जाता येते. लंडनमध्ये अनोळखी माणूस सहसा मुलाला हात लावत नाही, आणि मूल क्षणभर परक्यावर सोपवणे हे तिथे बेफिकिरीचे लक्षण समजले जाते. मुलाला किती वयापासून एकटे ठेवता येते हे ब्रिटिश कायदा सांगत नाही, पण धोका होईल अशा रीतीने एकटे सोडणे हा गुन्हा आहे. झोपलेल्या मुलाला हॉटेलच्या खोलीत ठेवून खाली जेवायला जाणेही म्हणून वर्ज्य मानावे. उलट बाजूने हाच समाज काही बाबतींत अधिक उदार आहे. २०१० च्या समानता कायद्यानुसार उपाहारगृहात, बसमध्ये किंवा दुकानात बाळाला अंगावर पाजणाऱ्या आईला तेवढ्यासाठी कोणी उठवू शकत नाही, आणि मोठ्या संग्रहालयांची स्वच्छ, विनामूल्य स्वच्छतागृहे, जिथे बाळाचे कपडे बदलण्याची सोय असते, ही शहरभर फिरताना ध्यानात ठेवण्याची ठिकाणे आहेत.

ब्रिटिश म्युझियमपासून चालत जाण्याजोग्या अंतरावर ब्लूम्सबरी भागात कोरम्स फील्ड्स नावाचे मैदान आहे, जिथे सोळा वर्षांखालील मूल सोबत नसलेल्या प्रौढाला प्रवेशच नाही. वाळूचे हौद, घसरगुंड्या आणि झाडे असलेल्या या जागेत एकटा पालक निर्धास्त बसू शकतो, आणि इतर पालकांशी बोलणेही इथेच सुरू होते. टॉमस कोरम या दर्यावर्दीने अनेक वर्षे खटपट करून १७३९ मध्ये राजाची सनद मिळवली आणि टाकून दिल्या जाणाऱ्या अर्भकांसाठी फाउंडलिंग हॉस्पिटल ही संस्था स्थापन केली, जी पुढे याच जागी उभी राहिली. मूल सोडून जाणारी आई पुढेमागे ओळख पटावी म्हणून एखादे नाणे, बटण किंवा कापडाचा तुकडा ठेवून जाई. त्यांपैकी काही खुणा शेजारच्या फाउंडलिंग म्युझियममध्ये जपल्या आहेत. संस्था १९२०च्या दशकात शहराबाहेर गेली, तेव्हा ही मोक्याची जमीन इमारतींखाली जाण्याच्या बेतात होती. देणग्या आणि लोकांचा आग्रह यांमुळे ती मुलांसाठी राखली गेली. कोणत्याही राजवाड्याआधी ही जागा पाहावी.

टॉवर ऑफ लंडनसारखी महागड्या तिकिटाची, दगडी फरसबंदीची आणि चक्राकार जिन्यांची स्थळे मूल थोडे मोठे होईपर्यंत खुशाल लांबणीवर टाकावीत. त्याऐवजी चॉक फार्म स्थानकाजवळचे १०, किंग हेन्रीज रोड हे घर पाहता येते, जिथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये विद्यार्थी म्हणून राहिले आणि जे महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये विकत घेतले. तिथून प्रिमरोज हिलची हिरवळ जवळ आहे, त्यामुळे घर पाहून होताच मुलाला मोकळे सोडता येते.

कागदपत्रांची तयारी मात्र घरूनच करावी. मोठ्यांसोबत जाणाऱ्या मुलाच्या ब्रिटिश व्हिसावर त्याला कोणासोबत प्रवास करता येईल हे नोंदलेले असते, म्हणून अर्जात एकट्याने जाणाऱ्या पालकाचेच नाव दिले आहे ना, हे तपासावे. दुसऱ्या पालकाचे संमतीपत्र आणि जन्मदाखला हातातल्या पिशवीत असावा, विशेषतः आई आणि मुलाचे आडनाव वेगळे असेल तेव्हा, कारण विमानतळावर नात्याचा पुरावा मागितला जाऊ शकतो. परतीचा प्रवास पूर्वेकडचा असल्याने जैविक घड्याळाला तो जाण्यापेक्षा जड जातो, तेव्हा घरी पोहोचल्यावर बालवाडीच्या आधी दोन-तीन दिवस मोकळे ठेवावेत.