दार आपटण्याआधी बिजागरी बघा
माझी गाडी २२ वर्षांची. पावसाळा सरला की ड्रायव्हरच्या बाजूचं दार कुरकुरायला लागतं आणि घरचे ते आपटून लावतात. (आवाज थेट माझ्या काळजात!)

आधी दार अर्धं उघडून खालून जरा वर उचला. खुळखुळलं तर बिजागरीची पिन झिजलीय. तेलाने भागणार नाही, गॅरेज गाठा. नाहीतर दोष बहुतेक वाळलेल्या ग्रीसचा. डब्ल्यूडी-४० मारून काळा चिकटा सैल करा, जुन्या बनियनने पुसा. पण तिथेच थांबू नका. नावातलं डब्ल्यूडी म्हणजे वॉटर डिस्प्लेसमेंट. ते पाणी हटवायला बनलेलं, वंगण म्हणून फार टिकत नाही. वरून पांढरं लिथियम ग्रीस लावा आणि दहा-बारा वेळा दार उघडझाप करा.

लॉकचा खटका स्क्रूड्रायव्हरने दाबा, दोनदा 'टक्' वाजायला हवं. मग हँडल ओढून तो सोडवा, तोवर दार लावू नका. मी एकदा विसरलो होतो, रंगाचा टवका उडाला.

रबराला ग्रीस नको, सिलिकॉन स्प्रे. आणि हो, दाराच्या खालच्या कडेला पाणी निघायची बारीक भोकं असतात. माझ्या दारातून परवा काडीने चमचाभर चिखल निघाला.