शरणपूरची लेकरं आणि गुलामांची गाणी

नाशिकच्या शरणपूर रोडने आपण रोज जातो-येतो. कुणी कामाला, कुणी दवाखान्यात, कुणी मुलांच्या शाळेची फी भरायला. पण हा रस्ता ज्या वसाहतीच्या नावाने ओळखला जातो, तिथे एके काळी आफ्रिकेतून गुलाम म्हणून पळवून आणलेली काळी मुले राहत होती, हे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे? आम्हालाही चाळिशी उलटेपर्यंत ठाऊक नव्हते, हे प्रांजळपणे कबूल करतो.

१८५० च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीचे रेव्हरंड विल्यम प्राइस यांनी शरणपूर वसवले. त्या काळी आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून माणसे भरभरून गलबते अरबस्तानाकडे जात. इंग्रजांच्या आरमाराने पकडलेल्या गलबतांतील काही मुले मुंबईला उतरवली जात आणि त्यांतली काही शरणपूरच्या आफ्रिकन आश्रमात येत. तिथे त्यांना लिहिणे-वाचणे, सुतारकी, लोहारकी शिकवली जाई. आईने ठेवलेले नाव जाऊन जेकब, विल्यम, जॉर्ज अशी नावे मिळत.

यांतलाच एक जेकब वेनराइट. १८७३ साली डॉ. लिव्हिंग्स्टन आफ्रिकेच्या अंतर्भागात वारले, तेव्हा त्यांचा देह महिनोन् महिने पायपीट करून समुद्रापर्यंत आणणाऱ्यांत तो होता. त्या प्रवासाची रोजनिशी त्याने लिहिली. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये शवपेटीला खांदा देणाऱ्यांत नाशिकला शिकलेला हा काळा तरुण होता. पुढे शरणपूरची बरीच मंडळी मोंबासाजवळ फ्रीअर टाऊन या वसाहतीत गेली. गुलाम पकडणारे आले तर सावध करायला तिथे घंटा बांधली होती. त्या घंटेवरून तो भाग आजही केंगेलेनी म्हणून ओळखला जातो. केंगेले म्हणजे घंटा.

ढोल हिरावला, ताल राहिला

नाव गेले, गाव गेले, बोली गेली. मग माणसाजवळ उरते काय? जगभर पांगवलेल्या आफ्रिकी माणसांचा इतिहास सांगतो की, त्याच्याजवळ त्याचा ताल उरतो.

१७३९ साली अमेरिकेत साउथ कॅरोलिनामध्ये गुलामांनी ढोल वाजवत बंड केले. मालक इतके धास्तावले की, पुढच्याच वर्षी कायदा करून गुलामांना ढोल ठेवायला बंदी केली. ढोल गेला, तेव्हा त्यांनी हातांनी टाळ्या आणि पायांनी ठेका धरला. त्यातूनच पुढे त्यांची भजने, शेतात राबतानाची गाणी, ब्लूज आणि जाझ हे संगीत उभे राहिले.

आपल्या शेजारीही हा वारसा नांदतो आहे. गुजरातेत भरूच जिल्ह्यातील रतनपूरला बाबा गोर यांच्या दर्ग्यावर सिद्दी बांधव जे नाचगाणे करतात, त्याला गोमा म्हणतात. पूर्व आफ्रिकेत ङोमा म्हणजे ढोल आणि नाच, त्यावरूनच हा शब्द आला. त्यांचे मलुंगा नावाचे वाद्य म्हणजे धनुष्याला बांधलेला भोपळा. तसेच वाद्य समुद्रापार ब्राझीलमध्ये बेरिंबाव म्हणून वाजते. तिथेही ते गुलामांच्या वंशजांनीच जपले. मधे हजारो मैलांचा समुद्र आहे आणि वाद्य भावंडांसारखे! कर्नाटकात यल्लापूर, हल्याळच्या जंगलपट्टीतले सिद्दी डमामीचा ढोल घुमवतात. त्यांत हिंदू आहेत, मुसलमान आहेत, ख्रिस्ती आहेत, पण ढोल सगळ्यांचा एक.

लाजेचे गाणे, अभिमानाचे गाणे

आता जी गोष्ट सांगणार आहोत, ती आपल्या काळजाजवळची आहे. अमेरिकेत गुलामगिरी संपल्यावर नॅशव्हिल शहरात मुक्त झालेल्यांच्या मुलांसाठी फिस्क हे विद्यालय निघाले. पैशांअभावी ते बंद पडायची वेळ आली, तेव्हा १८७१ साली तिथली काही मुलेमुली गाऊन वर्गणी गोळा करायला निघाली. सुरुवातीला ही मुले आईबापांची गुलामीतली गाणी चारचौघांत म्हणायला तयार नव्हती. ती गाणी म्हणजे चाबकाची आठवण, अपमानाची खूण! पण त्यांनी ती गायली आणि गोऱ्यांची सभागृहे स्तब्ध झाली. इंग्लंडात व्हिक्टोरिया राणीसमोर ती गाणी झाली. त्या पैशांतून विद्यालयाची पक्की इमारत उभी राहिली.

याच फिस्कमधून पुढे डॉ. डु बॉइस पदवीधर झाले. १९०३ सालच्या आपल्या ग्रंथात त्यांनी जवळजवळ प्रत्येक प्रकरणाच्या आरंभी या गाण्यांचे स्वर छापले. आणि वाचकहो, याच डु बॉइस यांना १९४६ साली प. पू. बाबासाहेबांनी पत्र लिहिले होते. अमेरिकेतील काळ्या बांधवांनी संयुक्त राष्ट्रांपुढे मांडलेल्या अर्जाची प्रत त्यांनी मागितली होती. डु बॉइस यांचे आपुलकीचे उत्तरही आले.

फिस्कच्या मुलांची लाज आपल्याला परकी आहे काय? गावकीचे वाजवणे आपल्या वाडवडिलांच्या माथी मारलेले होते. ते सोडले, हे योग्यच केले. पण जलशांच्या शाहिरांनी गळा सोडला नाही. तमाशाचा बाज घेतला, गण-गवळण बाजूला सारली आणि त्या जागी शिक्षणाचा, स्वाभिमानाचा विचार बसवला. आपल्याच जिल्ह्याचे भीमराव कर्डक यांनी या जलशांची हकीकत ग्रंथरूपाने लिहून ठेवली. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक मोठेपणी अक्षरे शिकले आणि २००४ साली देह ठेवेपर्यंत हजारो गीते समाजाला देऊन गेले.

दार बंद करण्याची रीतही दोन्हीकडे सारखीच. २ मार्च १९३० रोजी पंचवटीत काळाराम मंदिराचे दार आपल्यासाठी बंद झाले. १९३९ साली वॉशिंग्टनमध्ये मरियन अँडरसन या काळ्या गायिकेला एका मोठ्या सभागृहाचे दार बंद झाले. मग ती बाई अब्राहम लिंकन यांच्या स्मारकाच्या पायऱ्यांवर उभी राहून गायली. समोर ७५ हजार माणसे होती.

आमची कबुली

आम्ही वस्तीच्या जयंती समितीचा हिशेब लिहितो. दोन वर्षांपूर्वी वर्गणी कमी पडली, तेव्हा गायन पार्टीचे पैसे कापून डीजेला देण्याचा ठराव झाला. त्याची नोंद आमच्याच हाताने झाली आहे. आम्ही विरोध केला नाही. त्याच वर्षी वस्तीतले एक म्हातारे गायक वारले. पावसाळ्यानंतर आम्ही त्यांच्या घरी गेलो, तेव्हा सुनेने सांगितले, "भाऊ, वह्या भिजल्या होत्या, रद्दीत दिल्या." चाळीस वर्षांची गाणी किलोच्या भावाने गेली. त्या बाईंना काय बोल लावायचा? त्या वह्या जपा, असे त्यांना समाजाने, म्हणजे आम्ही, कधी सांगितलेच नव्हते.

अमेरिकेतल्या गुलामांचा ढोल कायद्याने हिरावला. आपली गाणी तर आपणच वाऱ्यावर सोडतो आहोत. शरणपूरच्या लेकरांची नावे दुसऱ्यांनी बदलली. आपण १९५६ साली स्वतःच्या मर्जीने, ताठ मानेने बदललो. मग ती ताठ मान ज्या गाण्यांनी दिली, ती जपायला कुणाची परवानगी हवी आहे?

पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी खेड्यापाड्यांतल्या बायांच्या जात्यावरच्या लाखभर ओव्या गोळा केल्या. त्यांत बाबासाहेबांवरच्याही ओव्या आहेत. एवढे मोठे काम आपल्याला जमणार नाही, पण घरातल्या आजीजवळ बसणे तर जमेल? आमच्या विहारात आता दर रविवारी वंदनेनंतर एका वडीलधाऱ्या माणसाचे एक गाणे मोबाइलवर भरून घ्यायचे आणि मुलांनी ते वहीत उतरवायचे, असे ठरले आहे. पहिल्या रविवारी ऐंशीच्या घरातल्या एका आजीने तीन कडवी म्हटली आणि चौथे आठवेना. तेव्हा मागे बसलेल्या दुसऱ्या आजीने ते पुरे केले. लिहून घेणारी मुलगी सातवीतली होती. वहीच्या पहिल्या पानावर तिने दोघींची नावे लिहिली आहेत.

यंदाच्या वर्गणीत गायन पार्टीचे पैसे आम्ही सर्वांत आधी लिहिले आहेत.

जयभीम!