विशेष अधिवेशन: दिवस ठरतो, विषय कोण ठरवतो?

20 फेब्रुवारी 2024 रोजी मुंबईत विधिमंडळाचे एक दिवसाचे विशेष अधिवेशन भरले, तेव्हा नांदेड आणि लातूर जिल्ह्यांची नजर विधान भवनाकडे लागली होती. निवृत्त न्यायमूर्ती सुनील शुक्रे यांच्या अध्यक्षतेखालील राज्य मागासवर्ग आयोगाचा अहवाल 16 फेब्रुवारीला सरकारच्या हाती आला होता. त्याच्या आधारे मराठा समाजाला शिक्षणात आणि सरकारी नोकऱ्यांत 10 टक्के आरक्षण देणारे विधेयक मांडले गेले आणि दोन्ही सभागृहांनी ते त्याच दिवशी एकमताने मंजूर केले.

तरीही मराठा आरक्षण आंदोलनाचे नेते मनोज जरांगे पाटील यांचे समाधान झाले नाही. कुणबी नोंद सापडलेल्यांच्या सग्यासोयऱ्यांनाही प्रमाणपत्र मिळावे, ही त्यांची मुख्य मागणी होती. त्यासंबंधीच्या अधिसूचनेचा मसुदा सरकारने जानेवारीअखेर काढला होता. पण अधिवेशन बोलावले गेले ते स्वतंत्र आरक्षणाच्या विधेयकासाठी. आंदोलनाचा मुद्दा एक आणि सभागृहापुढचा विषय दुसरा, अशी ही स्थिती होती. निजामाच्या राजवटीतल्या कुणबी नोंदी जिथे शोधल्या जात होत्या, त्या मराठवाड्याला हा फरक लगेच कळला. अधिवेशन भरणे ही अर्धीच गोष्ट असते. त्यात काय घ्यायचे आणि काय वगळायचे, हा निर्णय आधीच झालेला असतो.

निर्णयाची वाट

आपल्याकडे वर्षाला तीन अधिवेशनांची रीत आहे. अर्थसंकल्पी आणि पावसाळी मुंबईत, हिवाळी नागपुरात. त्यांच्याबाहेर एखाद्या कामासाठी बोलावलेल्या अधिवेशनाला आपण विशेष म्हणतो. राज्यघटनेच्या 174व्या अनुच्छेदात असा वेगळा प्रकार नाही. राज्यपालांनी त्यांना योग्य वाटेल त्या वेळी आणि ठिकाणी सभागृह बोलवावे आणि दोन अधिवेशनांमध्ये सहा महिन्यांहून अधिक अंतर पडू नये, एवढेच तिथे सांगितले आहे. सही राज्यपालांची असली, तरी निर्णय मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने होतो. ठरावीक संख्येने आमदारांनी सह्या करून अधिवेशन भरवावे, अशी तरतूद राज्यांसाठी नाही.

राज्यपालांचा आदेश निघाला की विधिमंडळ सचिवालय सदस्यांना बोलावणे धाडते. कोणत्या कामाला किती वेळ द्यायचा, हे कामकाज सल्लागार समिती ठरवते. तिच्यात सत्ताधारी आणि विरोधक दोघेही बसतात. शेवटी ‘दिवसाच्या कामकाजाचा क्रम’ छापला जातो. शोकप्रस्ताव, विधेयके, ठराव असे सारे त्यात ओळीने येते. समिती वेळेची वाटणी करते, पण अधिवेशन ज्या कामासाठी भरते तो विषय बहुतेक वेळा मंत्रिमंडळाच्या बैठकीतून आलेला असतो.

त्या बैठकीच्या अध्यक्षस्थानी मुख्यमंत्री म्हणून आपल्या या दोन जिल्ह्यांतले चौघे बसले आहेत. नांदेडचे शंकरराव चव्हाण आणि अशोक चव्हाण, लातूर जिल्ह्यातले शिवाजीराव पाटील निलंगेकर आणि विलासराव देशमुख. चाकूरचे शिवराज पाटील तर विधानसभेचेही अध्यक्ष झाले आणि पुढे लोकसभेचेही. कामकाज कसे चालते, हे मराठवाड्याला कोणी परक्याने शिकवावे अशी स्थिती नाही.

राज्यपालांना विषय ठरवता येतो का?

या प्रश्नाचे उत्तर अरुणाचल प्रदेशातून आले. तिथल्या विधानसभेचे अधिवेशन 14 जानेवारी 2016 रोजी व्हायचे होते. राज्यपालांनी मंत्रिमंडळाला न विचारता ते 16 डिसेंबर 2015 वर ओढले आणि अध्यक्षांना हटवण्याचा ठराव आधी घ्यावा, असा संदेशही पाठवला. 13 जुलै 2016 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने नबाम रेबिया खटल्यात हे सारे रद्द केले. अधिवेशन बोलावणे असो की सभागृहाला कामकाजाविषयी संदेश देणे असो, राज्यपालांनी ते स्वतःच्या मर्जीने करू नये, हे त्या निकालाने पक्के झाले.

तरी ओढाताण थांबली नाही. जुलै 2020 मध्ये राजस्थानात अशोक गहलोत सरकारने अधिवेशनाचा प्रस्ताव पाठवला, तेव्हा राज्यपाल कलराज मिश्र यांनी तो परत धाडून कामकाज काय आणि 21 दिवसांची सूचना का नाही, असे विचारले. अधिवेशन अखेर 14 ऑगस्टला भरले. सप्टेंबर 2022 मध्ये पंजाबातही राज्यपालांनी आधी दिलेली परवानगी मागे घेतली आणि मग कामकाजाचा तपशील मागवला. विषयपत्रिकेवरून झगडा होतो तो अशा वेळी, कारण सत्तेची चावी तिच्यात असते.

एका दिवसात काय होते

महाराष्ट्रात अशी छोटी अधिवेशने वेगवेगळ्या कारणांनी झाली. वस्तू आणि सेवा कराच्या घटनादुरुस्तीला मान्यता देण्यासाठी 29 ऑगस्ट 2016 रोजी सभागृहे बसली आणि राज्याच्या कायद्यासाठी मे 2017 मध्ये तीन दिवस. 4 जुलै 2022 रोजी एकनाथ शिंदे सरकारने 164 विरुद्ध 99 मतांनी विश्वासदर्शक ठराव जिंकला, तोही अशाच अधिवेशनात.

8 जानेवारी 2020 चे एक दिवसाचे अधिवेशन आपल्या विशेष जवळचे आहे. लोकसभा आणि विधानसभांतल्या अनुसूचित जाती-जमातींच्या राखीव जागांची मुदत 25 जानेवारी 2020 रोजी संपत होती. ती दहा वर्षांनी वाढवणाऱ्या घटनादुरुस्तीला किमान निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची संमती हवी होती. लातूर लोकसभा, उदगीर आणि देगलूर विधानसभा हे आपले राखीव मतदारसंघ याच तरतुदीवर उभे आहेत. इथे विषय एकच होता, मुदत ठरलेली होती आणि अधिवेशनाने नेमके तेच काम केले. विशेष अधिवेशन कसे असावे, याचा हा चांगला नमुना आहे.

अडचण येते ती प्रश्न गुंतागुंतीचा असला की. एक-दोन दिवसांच्या बैठकीत प्रश्नोत्तराच्या तासाला बहुधा जागा उरत नाही, कारण प्रश्नांची सूचना बरेच दिवस आधी द्यावी लागते. लक्षवेधी सूचनाही मागे पडतात. विधेयक सकाळी हाती पडते आणि संध्याकाळपर्यंत मंजूर होते. 2018 चा मराठा आरक्षण कायदा सर्वोच्च न्यायालयाने 5 मे 2021 रोजी रद्द ठरवला, तेव्हा 50 टक्क्यांची मर्यादा आणि ती ओलांडण्याचे समर्थन या दोन्ही गोष्टी बारकाईने तपासल्या गेल्या. अशा कसोटीला उतरणारा कायदा घडवायचा, तर सभागृहातली चर्चा घाईत उरकून चालत नाही.

महापूर आणि मागणी

2025 च्या पावसाने मुखेड तालुक्यातल्या हसनाळसारख्या गावांत हाहाकार माजवला. सप्टेंबरात सोयाबीनची उभी शेते पाण्याखाली गेली आणि विशेष अधिवेशन बोलवा, अशी मागणी झाली. 7 ऑक्टोबरला सरकारने 31,628 कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले, पण त्यासाठी सभागृह भरले नाही. मराठा समाजाच्या कुणबी नोंदींसाठी हैदराबाद गॅझेट लागू करण्याचा 2 सप्टेंबरचा निर्णयही शासन आदेशानेच निघाला. मदत मिळणे महत्त्वाचे, यात वाद नाही. पण पंचनामे कोणत्या निकषांवर झाले, खरडून गेलेल्या जमिनीचे काय, पीक विमा कोणाला नाकारला, ही उत्तरे मंत्र्यांनी सभागृहात उभे राहून द्यायची असतात.

त्याच वर्षी अमेरिकेतल्या टेक्सास राज्यातही 4 जुलैला महापूर आला. तिथे निवडून आलेला राज्यपाल विशेष अधिवेशन बोलावतो. त्याने नेमून दिलेल्या विषयांबाहेर कायदा करता येत नाही आणि मुदत 30 दिवसांची असते. जुलैच्या अधिवेशनासाठी 18 विषय दिले गेले. त्यांत पुराचा इशारा देणारी यंत्रणा होती आणि संसदेच्या मतदारसंघांची फेररचनाही होती. फेररचनेवरून विरोधक राज्य सोडून गेले, गणसंख्या भरली नाही, आणि पूरग्रस्तांसाठीचे कायदे दुसरे अधिवेशन बोलावल्यावरच झाले. विषय एकत्र बांधले की दुःखितांचा विषय मागे ढकलला जातो, हे तिथे दिसले.

म्हणून अधिवेशनाची मागणी करताना विषयही नेमका मागितला पाहिजे. ‘मराठवाड्यावर चर्चा’ असे मोघम शब्द नकोत. निकष, रक्कम, मुदत आणि जबाबदार खाते यांचा उल्लेख हवा. सरकारने विधेयकाचा मसुदा निदान आठवडाभर आधी लोकांपुढे ठेवावा आणि छोट्या अधिवेशनातही मंत्र्यांना प्रश्न विचारायला वेळ राखून ठेवावा. आणि वाचकांनो, दिवसाच्या कामकाजाचा क्रम विधिमंडळाच्या संकेतस्थळावर असतो. पुढच्या वेळी विशेष अधिवेशनाची बातमी आली की तो कागद आधी वाचा, आणि त्यात आपला प्रश्न नसेल, तर तो का नाही, हे आपल्या आमदाराला त्याच दिवशी विचारा.