धुराची सरासरी शिल्लक

पुसेगावात भंगारवाला येतो, मोडका नांगर नि गंजके पत्रे घेऊन जातो. आमच्या मराठवाड्यात भंगार वितळवण्याच्या भट्ट्या जालन्याला. तिथून तेच लोखंड सळई होऊन आपल्या स्लॅबमध्ये परत येतं. धूर मात्र तिथंच राहतो. २०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत जालन्याचं नाव आलं, ते उगीच नव्हे.

भट्टी विजेवर चालते, मग धूर कसला? भंगाराला चिकटलेल्या तेलाचा, रंगाचा, गंजाचा. भंगार आत टाकताना तो उसळतो. तोंडावरच्या हूडनं ओढून तो कापडी पिशव्यांतून गाळायचा असतो. पण पंख्याला वीज लागते, पिशव्या बदलायला पैसे.

२००९च्या मानकाप्रमाणे बारीक धूळ (१० मायक्रॉनपर्यंतची) दर घनमीटरला दिवसाच्या सरासरीनं १०० मायक्रोग्रॅमच्या आत हवी. आम्हा बँकवाल्यांना सरासरी शिलकेची गंमत ठाऊक असते. तेवीस तास ७० आणि एकच तास ५०० धरा, सरासरी ८८! कागद पास. त्या एका तासात शेजारच्या वस्तीतल्या म्हातारीचा दमा कुठल्या रकान्यात भरायचा? वस्तीनं तासातासाचे आकडे मागावेत, आणि भट्टीत भंगार पडायची वेळ त्याशेजारी लिहून ठेवावी.