गंज किती, आणि कुठे?

गेल्या मे महिन्यात भाच्याचा फोन आला. "मामा, नेसरीला एक जुनी जीप बघून ठेवलीय. विलिसच्या ठेवणीची. पावणेदोन लाख म्हणतात. तुम्ही एकदा नजर टाका, मग बयाणा देतो." हा भाचा पुण्यातली नोकरी सोडून गावी परतला आहे. जीप नीट करून पर्यटकांना आंबोली, पारगड, किल्ले सामानगड असे फिरवायचे, हा त्याचा बेत. साठवलेल्या पैशांतला मोठा वाटा तो यात घालणार होता. मी आयटीआयमध्ये पस्तीस वर्षे मोटार मेकॅनिकचा विषय शिकवला, म्हणून मला बोलावणे.

नेसरी हे गडहिंग्लजहून चंदगडकडे जाताना लागणारे गाव. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी सरनोबत प्रतापराव गुजरांनी बहलोलखानाच्या फौजेवर मोजक्या स्वारांनिशी झेप घेतली, ती इथल्याच खिंडीत. तिथल्या स्मारकापुढे हात जोडून आम्ही पुढे निघालो. रणात आवेशाला मोल असते. जुनी गाडी घेताना मात्र आवेशासारखा वैरी नाही. घेणारा गाडी बघतच नाही, त्याला ती रंग देऊन, टप घालून तयार झालेलीच दिसत असते.

जीप एका वाडीत, गोठ्याला लागून काढलेल्या पत्र्याच्या सोप्यात उभी होती. मालकीणबाई सत्तरीच्या. त्यांचे यजमान या जीपवर नेसरी-गडहिंग्लज वडाप करत. ते जाऊन अकरा वर्षे झाली, तेव्हापासून गाडी हललेली नाही. आणि मला गाडी बघताक्षणी ओळख पटली. विद्यार्थीदशेत याच जीपच्या मागच्या फळीला लोंबकळत मी कितीदा गडहिंग्लज गाठले होते! म्हणजे आवेशाचा धोका भाच्याइतकाच मलाही होता.

जीपचे कूळ आधी सांगतो, कारण विकणारा नेहमी तिथूनच सुरुवात करतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यासाठी विलिस आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बांधल्या. आपल्याकडे १९४५ साली महिंद्र आणि मोहम्मद या नावाने पोलादाचा व्यापार करणारी कंपनी निघाली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. १९४८ मध्ये कंपनीचे नाव महिंद्र अँड महिंद्र झाले. त्याच सुमारास विलिसच्या जीप सुट्या भागांत आणून मुंबईत जोडायला सुरुवात झाली. पुढे सीजे-३बी हे उंच बोनेटचे मॉडेल इथे आले आणि अमेरिकेत १९६८ मध्ये बंद झाल्यावरही आपल्याकडे दीर्घकाळ बनत राहिले. बोनेट उंच असण्याचे कारण शोभेचे नाही. त्या इंजिनात हवा-इंधन आत घेणारे व्हॉल्व्ह वर, हेडमध्ये नेले होते. इंजिनाची उंची वाढली, म्हणून झाकण वर गेले.

यावरून पहिली परीक्षा आपोआप होते. "मिलिटरीची आहे" असे कोणी म्हणाले, तर पुढची जाळी मोजावी. युद्धातल्या दाबीव पत्र्याच्या जाळीला नऊ खाचा असतात, नागरी जीपला सात. फोर्डने आपल्या बोल्टांवरसुद्धा 'एफ' हे अक्षर उठवले होते. वाडीतल्या जीपला सात खाचा होत्या, बोनेट उंच होते आणि आरसी बुकात साल होते १९६८. कूळ खरे, पण युद्धाचे नव्हे. वहिनींनीही तसा दावा केला नव्हता. तो गावातल्या मध्यस्थाचा होता.

आता गंज. लोखंड, पाणी आणि हवेतला प्राणवायू एकत्र आले की गंज धरतो, हे शाळेत शिकतो. पण गंजाचा खरा दुर्गुण पुढे आहे. ॲल्युमिनियमवर येणारा थर घट्ट बसतो आणि आतल्या धातूला राखतो. लोखंडावरचा गंज सच्छिद्र असतो. तो ओल धरून ठेवतो आणि खालचे लोखंड खात राहतो. शिवाय मूळ लोखंडापेक्षा तो कितीतरी जास्त जागा व्यापतो. म्हणून दोन पत्र्यांच्या सांध्यात शिरला की पत्रे फुगवून फाकवतो.

व्यवहारापुरते गंजाचे तीन प्रकार मानावेत. पहिला तांबूस भुकटीचा. तारेच्या ब्रशने घासला की खाली चकचकीत धातू लागतो. हा दिसतो भयंकर, असतो निरुपद्रवी. दुसरा पापुद्र्यांचा. टोच्याने खरवडले की खपल्या निघतात. इथे धातू पातळ झालेला असतो. हातोडीने हलके ठोकावे. चांगला धातू खणखणतो, खाल्लेला धातू बद्द वाजतो. तिसरा आरपारचा. टोच्या आत जातो आणि प्रश्न संपतो.

पण गंज कोणता यापेक्षा तो कुठे आहे, याला जास्त महत्त्व आहे. जीपचा हौद म्हणजे अंगावरचे कापड. तो फाटला तर ठिगळ लावता येते, नवा शिवता येतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरात नाहीतर बेळगावात पत्र्याचा अख्खा हौद घडवून देणारे कारागीर आजही मिळतात. चेसी म्हणजे हाडे. दोन लांब पोलादी पट्ट्या आणि त्यांना जोडणारे आडवे दांडे, असा हा शिडीसारखा सांगाडा असतो. स्प्रिंगचे पाटे, ॲक्सल, इंजिन सगळे त्यावर टांगलेले. तो वाकला किंवा पाट्यांच्या खुंट्यांपाशी खाल्ला गेला, तर वरचा रंग कितीही देखणा असो, गाडी रस्त्यावर सरळ चालणार नाही.

म्हणून बघण्याचा क्रम उलटा ठेवावा. लोक बोनेटपासून सुरुवात करतात, मी जमिनीवर पाठ टेकून. अंगाखाली पोते घेतले आणि आत सरकलो. वहिनी म्हणाल्या, "सर, वरनं बघा की. खाली काय हाय?" मी म्हटले, "वहिनी, जे हाय ते खालीच हाय."

पुढचा भाग उत्तम निघाला. इंजिनातून वर्षानुवर्षे गळलेल्या तेलाने चेसीवर काळा लेप चढवला होता आणि त्या लेपाखाली धातू खणखणीत होता. गळकी गाडी स्वतःला असे तेल लावून घेते. मागे सरकलो, आणि चित्र पालटले. हौदाच्या तळाला आधार देणाऱ्या टोपीच्या आकाराच्या पट्ट्या उरल्याच नव्हत्या. उजव्या अंगाला, मागच्या पाट्याच्या खुंटीपाशी, चेसीवर जाड पट्टी वेल्डिंगने मारलेली होती. पट्टीच्या कडेला टोच्या लावला, तर तो बोटभर आत गेला. वरची पट्टी शाबूत, आतली हाडे खाल्लेली. उजवीकडेच का? मी बाहेर येऊन वहिनींना विचारले, वडाप नसेल तेव्हा गाडीत काय न्यायचे?

"खताची पोती. आणि वेंगुर्ल्याची मासळी. उजव्या अंगालाच लावायचे, डावीकडं माणसं बसायची."

उत्तर मिळाले. मासळीचे खारे पाणी हे मीठच. आणि शेतात घालतो ते म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे रसायनाच्या भाषेत पोटॅशियम क्लोराइड, मिठाचेच भावंड. क्लोराइड लोखंडाला साध्या पावसापेक्षा फार वेगाने खाते. गंजाची जागा वाचता आली, तर गाडीने आयुष्यभर काय काम केले ते कळते, आणि पुढे किती काम करील तेही.

त्यानंतर बाकीचे अवयव. पुढच्या चाकांमागे ॲक्सलच्या टोकाला मोठे गोळे असतात. स्टेअरिंग फिरवले की सील त्यांच्यावरून सरकते. गोळ्यावर गंजाचे खड्डे असतील तर सील फाटते, ग्रीस बाहेर आणि चिखल आत जातो. हे गोळे तेलकट, गुळगुळीत होते. फोरव्हीलचे दोन्ही दांडे हाताने पडले. उभ्या गाडीचे इंजिन थेट स्टार्टरने फिरवू नये. सिलिंडरात गंज असेल तर रिंगा मोडतात. आत थोडे तेल सोडून रात्रभर थांबावे आणि मग हाताने फिरवून पाहावे. आम्ही दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. इंजिन फिरले. तेलाच्या पट्टीवर दुधाळ रंग नव्हता, म्हणजे पाणी तेलात मिसळलेले नव्हते. भाच्याचा चेहरा खुलला.

पण ते इंजिन डिझेलचे होते. गाडी मूळची पेट्रोलवरची. पेट्रोल परवडेना तेव्हा वडापवाल्यांनी सर्रास डिझेल इंजिने बसवून घेतली. त्यात नवल नाही. आरसी बुकात मात्र इंधन पेट्रोल आणि इंजिन क्रमांक जुनाच. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे असा बदल परवानगीने करून नोंदवावा लागतो. तो नोंदवलेला नव्हता.

इथे 'व्हिंटेज' या शब्दाचा हिशेब करायला हवा, कारण पावणेदोन लाखांतले निम्मे पैसे त्या शब्दाचे होते. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे झालेली दुचाकी व चारचाकी वाहने त्यात येतात. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे, नूतनीकरणाला ५,००० रुपये, आणि क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे. पण अटी दोन आहेत. गाडी मूळ रूपात असावी, म्हणजे चेसी, हौद, इंजिन यांत मोठा बदल नसावा. आणि अशी गाडी रोजच्या किंवा व्यापारी वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणे एवढ्यापुरतीच ती बाहेर निघते. म्हणजे ही जीप डिझेल इंजिनामुळे व्हिंटेज ठरणार नव्हती. ठरली असती तरी तिच्यातून पर्यटक नेता आले नसते. भाच्याचा बेत दोन्ही वाटांनी अडत होता.

शेवटी कागद. नोंदणी यजमानांच्याच नावावर राहिलेली. मालक वारल्यावर वारसाने नमुना ३१ भरून गाडी आपल्या नावे करून घ्यायची असते. ते झाल्याशिवाय वहिनींना ती रीतसर विकताच येत नव्हती. चेसीवरचा क्रमांक गंजाखाली होता. रॉकेलच्या बोळ्याने पुसून, कागद ठेवून पेन्सिल घासली. आरटीओत मागतात तसा ठसा उमटला आणि बुकाशी जुळला. एवढे एक काम निर्मळ झाले.

तेव्हा वहिनी सहज बोलून गेल्या, "एक जण आलता. म्हणाला, गाडी राहू दे, बुक आणि नंबराचा तुकडा तेवढा द्या, साठ हजार देतो."

मी टोच्या खाली ठेवला. चेसीवरचा क्रमांक कापून नेणारा माणूस जुन्या गाडीचा शौकीन नसतो. तो तुकडा दुसऱ्याच, बहुधा चोरीच्या, गाडीला चिकटतो. आणि उद्या पोलीस आले तर ते बुकातल्या पत्त्यावर येतात. मी वहिनींना स्पष्ट सांगितले: कागद आणि गाडी कधीही वेगळी करू नका. मोडीत घालायची झाली तर आधी आरटीओत नोंदणी रद्द करा, मग पत्रा विका.

भाव ठरवण्याची माझी रीत साधी आहे. तशीच चांगली, कागद पूर्ण असलेली जीप बाजारात किती रुपयांना मिळते ते बघावे. त्यातून दुरुस्तीचा अंदाज वजा करावा. त्या अंदाजाच्या तिसऱ्या हिश्शाएवढे आणखी वजा करावे, कारण पत्रा उघडल्यावर गंज नेहमी जास्तच निघतो. उरेल तो वरचा भाव. भंगाराचा आणि सुट्या भागांचा मिळून होईल तो खालचा. वरचा भाव खालच्यापेक्षा कमी आला, तर ती गाडी गाडी म्हणून घेण्यासारखी नसते. इथे चेसीचा मागचा भाग, अख्खा हौद आणि इंजिनाची नोंद एवढे धरल्यावर तो कमीच आला.

हे मी दोघांसमोर, एकाच वेळी सांगितले. घेणाऱ्याला एक आणि देणाऱ्याला एक असे सांगणारा पारखी दोघांच्याही उपयोगाचा नसतो. भाचा गप्प झाला. वहिनींनी चहा ठेवला होता, तो आणून दिला आणि म्हणाल्या, "म्हणजे मोडीतच की."

"नाही वहिनी. पुढचा ॲक्सल, गिअरपेटी, फोरव्हीलची पेटी, इंजिन, सगळं चांगलं आहे. मोडीवाला वजनावर नेईल, तुम्ही नगावर विका. भंगारापेक्षा कितीतरी जास्त येतील. पण आधी बुक तुमच्या नावावर करू."

ते काम भाच्यानेच अंगावर घेतले. गणपतीच्या आधी बुक वहिनींच्या नावावर झाले. त्याने जीप घेतली नाही. साठवलेले पैसे अजून बँकेत आहेत. दसऱ्याच्या सुमारास मी पुन्हा त्या वाडीत गेलो. जीप अजून तिथेच होती. चाकांखाली विटा लावून चेसी जमिनीपासून उचलली होती आणि गोठ्याचे पाणी दुसरीकडे वळवले होते. "विकेन सावकाश," वहिनी म्हणाल्या, "घाई कोणाला हाय?" मागच्या फळीवर मी हात ठेवला. तिला तांबूस भुकटीचाच गंज होता, घासला असता तर निघाला असता.