शास्ता धरणावरची मासेमारी आणि सॅमनचे तुटलेले माहेर

मासे म्हटले की आपल्याला आठवते ती बाजारातली कोळीण, तिची पाटी आणि तिच्याशी घातलेली घासाघीस. मासा पाण्यातून त्या पाटीपर्यंत कसा येतो, याचा विचार आपण सहसा करीत नाही. पिशवी धुऊन वाळत घातली की विषय संपला! पण २०२३ च्या जुलैत मी कॅलिफोर्नियात धाकट्या बहिणीकडे गेले होते, तेव्हा तिच्या घरच्यांबरोबर एका धरणावर ट्राऊट आणि सॅमन धरायला जाण्याचा योग आला. परत आल्यावर शाळेत, शेजारी, भिशीत सगळ्यांचा एकच प्रश्न, "अहो, खरंच तुम्ही मासे धरलेत?" त्याचे उत्तर तर देतेच, पण त्या धरणाची आणि त्या माशांची हकीकतही सांगते.

कोयनेच्या जवळपास दुप्पट पाणी

शास्ता धरण कॅलिफोर्नियाच्या उत्तरेला, रेडिंग नावाच्या गावाजवळ आहे. बहीण राहते त्या सॅक्रामेंटो शहरापासून मोटारीने तीनेक तासांचा रस्ता. १९३८ ते १९४५ या काळात बांधलेले हे धरण ६०२ फूट उंच आहे. आपल्या कोयनेत सुमारे १०५ टीएमसी पाणी मावते. इथे जवळजवळ २०० टीएमसी! सॅक्रामेंटो, मॅक्लाऊड आणि पिट या तीन नद्यांचे पाणी इथे अडवले आहे. उत्तरेकडे शास्ता पर्वत, चौदा हजार फुटांहून उंच. खाली आपण घामाने निथळत असतो आणि त्याच्या डोक्यावर भर जुलैतही बर्फ!

त्या वर्षी हिवाळ्यात भरपूर पाऊस झाल्यामुळे जलाशय काठोकाठ भरला होता. त्याआधीच्या दोन वर्षांत मात्र दुष्काळ होता. तेव्हा पाणी खाली जाऊन काठाची लाल माती उघडी पडली होती, असे बहिणीने सांगितले. उन्हाळ्यात आपल्याकडची धरणे आठवा, म्हणजे चित्र डोळ्यांपुढे येईल.

मासा राहतो कुठे?

पहाटे पाचला आम्ही बोटीत बसलो. एवढ्या लवकर का, तर रेडिंगला जुलैत पारा सहज चाळिशीच्या पुढे जातो. मासेमारीचा परवाना सोळा वर्षांपासून पुढे प्रत्येकाला लागतो. पाहुण्यांसाठी एका दिवसाचाही मिळतो. दिवसाला किती मासे धरायचे यालाही मर्यादा आहे. बोट चालू असताना लहान मुलांनी तरंगते जाकीट घातलेच पाहिजे, असा कायदा आहे. "मला गरम होतंय," म्हणणाऱ्या भाचीचे तिथे कुणी ऐकले नाही, आणि ते मला फार आवडले. आपल्याकडे धरणावर नौकाविहाराला गेलात तर मुलांसाठी जाकीट आधी मागा, मग बोटीत पाऊल ठेवा.

मला वाटले होते, गळ टाकून काठावर बसायचे. पण तसे नव्हते. ट्राऊट आणि सॅमन ही थंड पाण्यातली जात. उन्हाळ्यात जलाशयाचे वरचे पाणी तापते, हलके होते आणि वरच राहते. जड, थंड पाणी तळाकडे राहते. बंबात नाही का, वरचे पाणी कढत आणि खालचे कोमट असते, तसेच. म्हणून मासे साठ-सत्तर फूट, कधी त्याहूनही खोल उतरतात. तिथवर गळ न्यायचा तर तो तारेला बांधलेल्या शिशाच्या जड गोळ्याबरोबर खाली सोडतात. दोरी त्या गोळ्याजवळ चिमट्यात अडकवलेली असते. मासा लागला की चिमट्यातून दोरी सुटते आणि वाकलेली काठी ताडकन सरळ होते. गळाला आमिष म्हणून चकचकीत पत्र्याचा तुकडा. बोट माणसाच्या चालीने पुढे जाते आणि तो पत्रा पाण्यात लहान माशासारखा लुकलुकतो.

तासभर काहीच नाही. आमचे हे तर डुलक्या घेऊ लागले. मग एकदम माझ्या बाजूची काठी उसळली आणि बहीण ओरडली, "ताई, धर, धर! घाई करू नकोस!" दोरी ताणून धरायची, पण मासा ओढ घेईल तेव्हा सैल सोडायची. दहा मिनिटांनी जाळीत आला तो हातभर ट्राऊट. अंगावर काळे ठिपके आणि कुशीवरून गुलाबी पट्टा, जणू नव्या पातळाचा काठ! दुपारच्या आत आम्हाला आणखी एक ट्राऊट आणि एक सॅमन मिळाला. एक लहान ट्राऊट भाचीने सोडून दिला. सोडायचा मासा धरण्याआधी हात ओले करावे लागतात, म्हणजे त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघत नाही. त्या थरामुळेच तो रोगांपासून वाचतो.

माहेरची वाट बंद

आता मुख्य गोष्ट. सॅमन जन्मतो नदीत, वाढतो समुद्रात आणि दोन-चार वर्षांनी अंडी घालायला पुन्हा आपल्या जन्माच्या नदीत येतो. वाट ओळखतो ती पाण्याच्या वासावरून! नदीत शिरल्यावर खाणेपिणे बंद. मादी शेपटीने वाळूगोट्यांत खळगा करते, त्यात अंडी घालते आणि थोड्याच दिवसांत मरते. बाळंतपणासाठी माहेरी यावे आणि परत जाणे नसावे, असे तिचे आयुष्य.

मॅक्लाऊड नदीला झऱ्यांचे थंड पाणी होते. त्यामुळे हिवाळ्यात समुद्रातून वर येणारे सॅमन भर उन्हाळ्यात तिथे अंडी घालीत. धरण झाले आणि ती वाट कायमची बंद झाली. आज हे मासे धरणाच्या खालच्या नदीत अंडी घालतात. खालून थंड पाणी सोडले तरच ती अंडी जगतात. त्यासाठी १९९७ मध्ये धरणाला मुद्दाम झडपा बसवल्या. हव्या त्या खोलीवरचे पाणी त्यातून घेता येते. पण दुष्काळात थंड पाणीच कमी पडते. हिवाळी सॅमनची ही जात १९९४ पासून अमेरिकेच्या 'नष्ट होण्याच्या धोक्यात' असलेल्यांच्या यादीत आहे. सॅमन इतके घटले की, २०२३ मध्ये कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर समुद्रातली सॅमन मासेमारीच बंद ठेवली होती.

मग आम्ही पकडला तो कोणता? तो जलाशयात मुद्दाम आणून सोडलेला. समुद्र त्याने पाहिलेलाच नाही. त्याला धरायला परवानगी आहे, म्हणून माझे मन शांत झाले.

आणि माणसांचे काय? मॅक्लाऊडच्या काठी विनेमेम विंटू ही आदिवासी जमात राहत होती. त्यांची गावे, देवस्थाने पाण्याखाली गेली. कोयना-उजनीच्या धरणग्रस्तांच्या घरी दिलेल्या मुलींना हे दुःख वेगळे सांगायला नको. या जमातीच्या प्रमुख एक बाई आहेत, कॅलीन सिस्क. मॅक्लाऊडच्या काठी १८७२ मध्ये सरकारी मत्स्यबीज केंद्र सुरू झाले होते. तिथल्या सॅमनची अंडी पुढे थेट न्यूझीलंडला गेली आणि तिथल्या नद्यांत ते मासे रुजले. २०१० मध्ये ही मंडळी न्यूझीलंडला गेली आणि त्या माशांची क्षमा मागण्यासाठी नदीकाठी त्यांनी नृत्य केले. २०२२ च्या उन्हाळ्यात सरकारी खाती आणि जमात यांनी मिळून धरणाखालच्या हिवाळी सॅमनची हजारो अंडी मॅक्लाऊडच्या थंड पाण्यात नेऊन ठेवली. सुमारे ऐंशी वर्षांनी! अंड्यांतून पिल्ले निघाली. त्यांतली काही पकडून धरणाच्या खाली सोडली, म्हणजे त्यांना समुद्राची वाट मिळावी.

आता स्वयंपाकघरात

पकडलेला मासा लगेच साफ करून बर्फात ठेवायचा, हा तिथला पहिला नियम. आपणही बाजारातून येताना डब्यात थोडा बर्फ नेला तर उन्हाळ्यात मासा बिघडणार नाही.

ट्राऊटचे खवले अगदी बारीक, त्यामुळे ते काढायची खटपट नाही. मी त्याला हळद, मीठ, आगळ आणि आले-लसणाचे वाटण लावून अर्धा तास ठेवले आणि रवा लावून तव्यावर परतले. सॅमन मुळातच तेलकट. त्याला चमचाभर तेल पुरते आणि भरपूर नारळाचे कालवण त्याला सोसत नाही. कोकमाचे पातळ तिखले छान लागते. बहिणीचे यजमान दोनदा भात घेऊन जेवले!

आपल्याकडे काश्मीर, हिमाचल आणि निलगिरीच्या थंड पाण्यात ट्राऊट आहे. महाराष्ट्राच्या धरणांत पाणी उबदार, म्हणून नाही. पण रोहू, कटला, चिलापी मिळतात. त्यांना मातकट वास येतो, म्हणून काही जण घेत नाहीत. चिंचेचा कोळ किंवा लिंबू, मीठ, हळद लावून पंधरा-वीस मिनिटे ठेवा आणि धुऊन घ्या. वास बराच कमी होतो. घेताना कल्ले लाल, डोळे चमकदार आणि बोटाने दाबलेले मांस पुन्हा वर येणारे हवे.

आणि एक. मुंबईकडे रावसाला 'इंडियन सॅमन' म्हणतात. रावस चवीला उत्तमच, पण तो सॅमनच्या कुळातला नव्हे. तेव्हा सॅमनचा भाव कुणी सांगितला, तर पाटीत नक्की कोणता मासा आहे ते आधी विचारा. आपला पाला मात्र खरोखर सॅमनसारखा समुद्रातून नदीत चढतो. अंडी भरलेला पाला आपण चढ्या भावाने आणि आवडीने घेतो. पुढच्या वेळी तो घेताना, ती मादी अंडी घालायला निघाली होती एवढे आठवा, आणि जमले तर त्या दिवसांत दुसरा मासा घ्या. पाटीत निवड असते, मैत्रिणींनो. करणाऱ्या आपणच असतो.