एकच नाव, चार प्रोसेसर

इंटेलच्या झिऑन मालिकेत ‘ई५-२६८०’ नावाचे चार प्रोसेसर आहेत. २०१२मध्ये आलेला पहिला आठ कोअरचा. २०१३चा ‘व्ही२’ दहाचा, २०१४चा ‘व्ही३’ बाराचा आणि २०१६चा ‘व्ही४’ चौदाचा. डेटा सेंटरमधून निवृत्त झालेले हे चौघे आज जुन्या बाजारात मूळ किमतीच्या मानाने अगदी स्वस्तात मिळतात. दोन व्ही४ आणि दोन सॉकेटचा एक जुना बोर्ड घेतला, की घरात अठ्ठावीस कोअरचा सर्व्हर! फक्त ते एकमेकांशी जुळायला हवेत. हे जुळणं म्हणजे काय, ते पाहायला लागलो की थक्क व्हायला होतं.

आधी नावातला पहिला आकडा बघा. २६८०मधला ‘२’ सांगतो की हा प्रोसेसर आणखी एका जोडीदाराबरोबर काम करू शकतो. ई५-१६८० व्ही४ त्याच सॉकेटात चपखल बसेल, पण त्याला जोडीदार चालणार नाही. का? दोन प्रोसेसरना जोडणारे क्यूपीआय नावाचे दुवे त्याला दिलेलेच नाहीत. दिसायला सारखा, बसायला सारखा, आणि तरी कायमचा एकटा!

मग सॉकेट. पहिल्या दोन पिढ्यांचं एलजीए २०११, पुढच्या दोघांचं एलजीए २०११-३. दोन्हींत संपर्कबिंदू २०११च. मग एकाचा दुसऱ्यात का बसत नाही? कारण मेमरीचं नियंत्रण प्रोसेसरच्या पोटात असतं. पहिले दोघे डीडीआर३शी बोलतात, पुढचे दोघे डीडीआर४शी. कुठल्या बिंदूतून वीज जाईल आणि कुठल्यातून मेमरीचे संकेत, ही वाटणीच बदलली. चुकून भलती जोडी जमू नये म्हणून खाचांची जागाही बदलली. ते दोन हजारांवर नाजूक पिन बोर्डावर असतात. जुना बोर्ड घेताना सॉकेटचा जवळून काढलेला फोटो मागायचा तो यासाठी. एखादा पिन वाकलेला असला तरी मेमरीची अख्खी बाजू गप्प होऊ शकते.

खरी गंमत पुढे आहे. व्ही३साठी बनलेल्या बोर्डात व्ही४ नीट बसतो, वीजही मिळते, आणि तरी पडदा काळाच राहू शकतो. बोर्डातला बायोस प्रोसेसरला त्याची ओळख विचारतो. व्ही३ सांगतो ३०६एफ२, व्ही४ सांगतो ४०६एफ१. जुन्या बायोसला दुसरं उत्तर ठाऊकच नसतं! ही ओळख इतकी महत्त्वाची का? कारण तिच्यावरून बायोस त्या चिपला मायक्रोकोड, म्हणजे तिच्या आतल्या दुरुस्त्या, देतो. १९९४मध्ये पेंटियमची भागाकारातली चूक इंटेलला ४७.५ कोटी डॉलरना पडली, चिपा बदलून द्याव्या लागल्या. १९९५च्या पेंटियम प्रोपासून मायक्रोकोड बदलण्याची सोय आली. पण वीज गेली की प्रोसेसर या दुरुस्त्या साफ विसरतो! त्या प्रत्येक वेळी नव्याने द्याव्या लागतात. म्हणून बोर्डासोबत बायोसची आवृत्तीही विचारायची. काही बोर्डांवर प्रोसेसर न बसवताही बायोस बदलता येतो. बाकीच्यांसाठी एखादा व्ही३ उसना आणावा लागतो.

आता जोडी. धातूच्या झाकणावर पाच अक्षरांचा कोड कोरलेला असतो. २६८० व्ही४वर ‘एसआर२एन७’. दोन्हींवर तोच असला की मॉडेल आणि स्टेपिंग, म्हणजे चिपच्या आराखड्याची आवृत्ती, दोन्ही जुळले. झाकणावर ‘कॉन्फिडेन्शियल’ लिहिलेलं दिसलं तर तो चाचणीचा नमुना. त्याच्यासाठीचा मायक्रोकोड तुमच्या बायोसमध्ये असेलच असं नाही.

एवढी काटेकोर जुळणी कशासाठी? २.४ गिगाहर्ट्झवर क्लॉकच्या एका ठोक्यात प्रकाश जेमतेम साडेबारा सेंटिमीटर जातो आणि बोर्डावरच्या तांब्यातला संकेत त्याच्या निम्मा. म्हणजे शेजारच्या प्रोसेसरपर्यंत निरोप पोचेपर्यंत इकडे पुढचे ठोके पडून गेलेले असतात! तरीही एकाने आपल्या कॅशमधला आकडा बदलला, तर दुसऱ्याकडची जुनी प्रत त्याआधी बाद व्हायलाच हवी. हा सगळा संवाद क्यूपीआयच्या प्रत्येक तारेवरून सेकंदाला ९.६ अब्ज वेळा संकेत पाठवत चालतो. मेमरीही निम्मी याची, निम्मी त्याची. म्हणूनच एकच प्रोसेसर बसवला तर बोर्डावरचे निम्मे रॅम-स्लॉट बंद दिसतात. दुसरा बसवला की ते जागे होतात, आणि एकाच्या ताब्यातली मेमरी दुसऱ्यालाही थोड्या उशिराने, पण बिनचूक वाचता येते. दोन वेगळ्या कंपन्यांत वर्षानुवर्षं राबलेल्या, एकमेकींना कधीही न भेटलेल्या दोन चिपा पहिल्याच दिवशी हे करू शकतात, कारण त्या भेटीचे सगळे नियम दोघींमध्ये कारखान्यातच कोरून ठेवलेले असतात.